नत्थुजीची गाठ

हाराचं शेवटचं टोक बांधायला देवीदासनं ओला दोरा पोरापुढं धरला आणि विपुलचा अंगठा आपणहून ताठ उभा राहिला. झालं ते एवढंच. अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्यावर सकाळी साडेआठच्या सुमाराला कुणाला फुरसत असते दुसऱ्याच्या अंगठ्याकडं बघायला! गिऱ्हाईक लिंबं-नारळ घेत होतं, रिक्षावाला कुणाच्या तरी नावानं शिमगा करत होता, आणि दुकानाच्या फळीवर झेंडूचा तो सात हाती हार ऐसपैस पसरला होता. आज संध्याकाळी सहाला विपुलचा सत्कार. बाजारातल्या झाडून सगळ्या हारवाल्यांच्या वतीनं, खुशालरावांच्या पुढारपणाखाली. "आपल्या पोराच्या गळ्यात दुसऱ्याच्या दुकानाचा हार कावून घालाचा?" असं म्हणून देवीदास पहाटेपासून सुई घेऊन बसला होता, आणि आता गंमत म्हणून म्हणाला, "टोक तूच मार. पाहू दे, फौजेत जाऊन हात गेला का राह्यला." विपुलनं दोरा घेतला. अंगठ्याभोवती एक वेढा, दुसरा, तिसरा. हात चालत होता, चुकत नव्हता, विसरला नव्हता, आणि हेच त्याला सहन होईना. ओला दोरा कातडीत रुतला. बोटांना ओल लागली, ती पाण्याची होती हे त्याला दिसत होतं, तरी त्यानं हात झटकला. "चहा घेऊन येतो," तो म्हणाला. देवीदासनं चष्म्यावरून पाहिलं आणि टोक स्वतःच बांधून टाकलं.

त्या गाठीला घरात नत्थुजीची गाठ म्हणत. नत्थुजी म्हणजे विपुलचा आजा. नांदगाव खंडेश्वरच्या वाटेवरच्या दोन तुकड्यांत झेंडू-शेवंती लावून तो डोक्यावर टोपली घेऊन अमरावतीला यायचा. फुलांचा धंदा म्हणजे सगळा पाण्याचा धंदा, आणि साधी गाठ पाण्यात सरकते. लग्नाच्या मांडवात एकदा नवरदेवाच्या गळ्यातला हार सुटून भर मंगलाष्टकांत पायाशी पडला म्हणे, आणि म्हातारा त्या दिवशी जेवला नाही. त्यानंतर त्यानं ही गाठ काढली. अंगठ्याभोवती तीन वेढे, मग अंगठा अलगद बाहेर काढून त्या भोकातून टोक ओवायचं आणि दातानं ओढायचं. एकदा बसली की बसली. पाण्यात सुटत नाही, उन्हात सुटत नाही, सोडवतो म्हटलं तर बापजन्मात सुटत नाही. पातं घेऊन कापायचीच. सात वर्षांच्या विपुलचा अंगठा दर वेळी वेढ्यांत अडकायचा, लाल व्हायचा, आणि देवीदास त्याच्या मनगटावर टिचकी मारून म्हणायचा, "अंगठा ढिला ठेव. ढिला ठेव बे, तुही लढाई नाई चालली त्याच्याशी." पुढं ते इतकं अंगवळणी पडलं की बुटाची नाडी असो, बिस्तरा असो, विपुल तीच गाठ मारायचा आणि शिकवणाऱ्या उस्तादाच्या शिव्या खायचा. फौजेत सोडता येईल अशीच गाठ मारायची असते. हजारदा सांगितलं होतं त्याला.

चहा प्यायला निघालेला माणूस चहाच्या टपरीवरून सरळ पुढं गेला, राजकमल चौक ओलांडला, तिथल्या फ्लेक्सवर स्वतःचाच चेहरा पाहून मान खाली घातली, आणि बसस्टँडवर अकोल्याची गाडी लागलेली होती तिच्यात चढला. आता हे त्यानं ठरवून केलं का? छे! ठरवून करायचं असतं तर वर्षापूर्वीच केलं असतं. वर्षभर तो न ठरवता अकोला टाळत होता. रजेवर येताना गाडी अकोला स्टेशनात थांबली तेव्हा तो वरच्या बर्थवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिला, जसा काही त्याच्या तुकडीतला धम्मदीप फलाटावर खिडकी-खिडकीतून त्यालाच शोधत होता. धम्मदीपचे फोन यायचे. आधी रोज, मग आठवड्याला, मग पंधरवड्याला. विपुल फोन वाजू द्यायचा. वाजून थांबला की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याची लाज वाटायची. परवा निरोप आला, दोन शब्दांचा. काम हाय. काय काम असणार? ज्याचा पाय गेला त्याचं, ज्यानं घालवला त्याच्याकडं काय काम असतं?

बडनेरा मागं पडलं. बस बऱ्यापैकी भरलेली होती आणि एप्रिलचं ऊन पत्र्यातून आत येऊ लागलं होतं. शेजारचे एक बुवा मांडीवर पिशवी घेऊन पेंगत होते. त्यांना कुठं ठाऊक की आपल्या खांद्याला टेकून एक पदकवाला बसला आहे! पदक आईनं, सत्यवतीनं, देव्हाऱ्यात ठेवलं होतं, आणि रोज त्याला हळदकुंकू लागत होतं. ते ज्या दिवशी छातीवर लागलं त्या दिवशी कुणीतरी खणखणीत आवाजात मजकूर वाचला होता. जोरदार तोफमाऱ्यात, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता, जखमी साथीदारास तातडीचे उपचार देऊन, पाठीवर घेऊन. विपुल ताठ उभा होता आणि त्या सगळ्या मजकुरातून एकच शब्द त्याच्या कानात राहिला. उपचार. टाळ्या वाजल्या. पाहुण्यांमध्ये पहिल्या रांगेत देवीदास नवा पायजमा-सदरा घालून बसला होता आणि डोळे पुसायला खांद्यावर दुपट्टा नाही म्हणून बाहीनं पुसत होता. बापाचा दुपट्टा विपुलनंच नेला होता, पहिल्यांदा सीमेवर गेला तेव्हा. पांढरा, झेंडूच्या डागांनी पिवळा पडलेला. तो कुठं गेला हे देवीदासनं कधी विचारलं नाही, आणि विपुलनं सांगितलं नाही.

सीमेवरच्या तोफमाऱ्याचे ते चार दिवस. त्यातला तिसरा दिवस उजाडत होता, धड उजेड नाही धड काळोख नाही. धम्मदीप पाण्याचा डबा आणायला बंकरबाहेर गेला होता, आणि जाताना म्हणाला होता, "तुह्या अमरावतीवाल्याईले पानी आनाचंबी धाडस नाई." त्यांचं हे असं रोज चालायचं. अख्ख्या तुकडीत वऱ्हाडातले दोघंच. बाकीच्यांना त्यांची बोली भांडण वाटायची, आणि निम्म्या वेळी ते भांडणच असायचं. अकोला मोठं की अमरावती, यावरून दोघं एकदा अडीच तास एकमेकांशी बोलले नव्हते. मग आवाज आला. आवाजाच्याही आधी माती आली, नाकात, दातांत. आत थांबा असा हुकूम होता. विपुल आत थांबला नाही, आणि त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं हे त्यालाच माहीत. धम्मदीप बाहेर "अबे विपल्या" म्हणून ओरडला, आणि असं कुणी ओरडलं की माणूस जातो. गल्लीत जातो तसा. साठ-सत्तर पावलं. धम्मदीप उताणा पडला होता. डाव्या मांडीखाली सगळं काळं, ओलं. पट्टी बंकरमध्ये राहिली होती. विपुलनं गळ्यातला दुपट्टा फाडला, मांडीला वेढला, तंबूचा लोखंडी खिळा घालून पिळा दिला, रक्त थांबलं. आणि मग टोक बांधायचं राहिलं होतं, आणि त्याचा अंगठा ताठ उभा राहिला होता.

पुढचं सगळं तो वर्षभर बारकाव्यानिशी पाहत आला होता. धम्मदीप पाठीवर, नाल्यातली गोल गोटे असलेली वाट, खाली रस्ता, गाडी, दवाखाना. कपाळावर पेनानं वेळ लिहायची असते, किती वाजता बांधलं ती. ती लिहिली नाही. दवाखान्याच्या दारात तो उभा असताना आतून एक सहायक बाहेर आला, हातात कात्री, वैतागलेला, आणि कुणाला तरी म्हणाला, "किसने बांधी ये गांठ? खुलती ही नहीं. दो मिनट खा गई." दुसऱ्या दिवशी सांगितलं गेलं, पाय वाचला नाही. ही दोन वाक्यं विपुलच्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसली, आणि त्यांच्यामधून हलायला जागा उरली नाही. दोन मिनिटं. दोन मिनिटांत काय होतं? दोन मिनिटांत एक वेणी होते. मधेच तो स्वतःला समजवायचा, की बाबा रे, तू डॉक्टर आहेस का? पण मग धम्मदीपचा पाय दिसायचा, खाकी कापडातला, बूट घातलेला, अख्खा. नाल्यातून उतरताना पाठीवरून आवाज आला होता, "पाय हाय का बे?" आणि त्यानं सांगितलं होतं, "हाय." होता तो. त्यानं पाहिला होता. त्याच्या हाती दिला तेव्हा पाय होता, आणि त्यानं हारवाल्याची गाठ मारून तो घालवला. मग कुणीतरी त्याच्या छातीवर पदक लावलं.

मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबली. खिडकीशी भजी आली. त्या दिवशी नाल्यातून उतरताना पाठीवरचा धम्मदीप शुद्ध जाऊ नये म्हणून बडबडत होता, त्यात मूर्तिजापूरच्या भज्यांचाही विषय निघाला होता. विपुलला वाटलं, इथंच उतरावं. परतीची गाडी पलीकडं उभीच आहे, सहाच्या आत हार गळ्यात. उतरण्यासाठी तो अर्धा उठलाही. तेवढ्यात शेजारचे बुवा जागे झाले. "उतरता का?" त्यांनी पाय आखडून वाट दिली. "नाई," विपुल म्हणाला, "अकोल्याले जाऊन राहिलो." तोंडानं म्हटल्यावर मग बसावंच लागलं.

अकोल्याच्या उन्हाबद्दल अमरावतीकरांनी काय बोलावं! बसमधून पाय खाली टाकला तर डांबर बुटाला धरत होतं. रिक्षा डाबकी रोडला लागली, एका गल्लीच्या तोंडाशी थांबली. पुढं जाता येत नव्हतं. चौदा एप्रिल आठवड्यावर आला होता, आणि गल्लीभर निळ्या पताकांचे दोर आडवे टाकलेले होते. एका ओट्यावर बनियनवरचा एक म्हातारा दिव्यांच्या माळांच्या वायरी सोलत बसला होता. विपुलनं घर विचारायला तोंड उघडलं, तर म्हाताऱ्यानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं, वायर खाली ठेवली, आणि आत हाक मारली. "धम्मा! पाह्य कोन आलं. तुहा फोटूतला." हे पुंजाजी, धम्मदीपचे वडील, जन्मभर खांबावर चढून वीज जोडलेली. विपुल वाकून पाया पडायला गेला तर त्यांनी त्याला मधेच धरलं आणि सोडलंच नाही. विपुलला त्या मिठीत जीव नकोसा झाला. यांना माहीत नाही, यांना कुणी सांगितलं नाही, असं तो मनात म्हणत राहिला.

धम्मदीप बाहेर आला. हाफ पँट, खाली एक पाय माणसाचा आणि एक कारखान्यातला, चकचकीत. चालणं जरा लयीत. जाड झाला होता. "मेला नाई का बे तू?" तो म्हणाला. "मले वाटलं, मेडलच्या वजनानं मेला. फोन काहून उचलत नाईस?" मागून माय पाण्याचा गडू घेऊन आली. सगळे विपुलकडं बघत होते, आणि विपुल त्या चकचकीत पायाकडं. त्यानं बसमध्ये तीन-चार वाक्यं जुळवली होती. ती सगळी उडाली. "माह्या गाठीनं गेला तुहा पाय," तो म्हणाला. "वेळ नाई लिवली मी. आन गाठ फुलवाल्याची मारली, थे सुटली नाई डॉक्टरले. दोन मिनटं गेले. पाय होता तवा, धम्म्या. मी पाह्यला होता." मायच्या हातातला गडू तसाच राहिला. पुंजाजींनी ओट्यावरचा पंखा बंद केला. का केला कुणास ठाऊक, नीट ऐकू यावं म्हणून असेल.

धम्मदीप हसला नाही. त्याला राग आला. खरोखरचा, मानेपर्यंत लाल. "हे घेऊन फिरून राहिला तू? सालभर? अबे येडपटा, एक फोन उचलला असता!" तो ओट्यावर बसला, विपुलला हाताला धरून शेजारी बसवलं, आणि आवाज एकदम खाली आणला. "बूट कोनीकडं होता, आठव."

"पायात होता."

"कोनीकडं तोंड होतं त्याचं?"

विपुलनं डोळे मिटले. नाला, गोटे, त्याच्या आधी माती, त्याच्या आधी दुपट्टा. बूट होता. बुटाची टाच वर होती. धम्मदीप उताणा होता, आणि बुटाची टाच वर होती. वर्षभर तो बूट त्याला दिसत होता आणि वर्षभर त्यानं टाच पाहिली नव्हती.

"पँटीच्या कापडात अडकेल होता थो, बाकी काही नाई," धम्मदीप म्हणाला. "मी पाह्यला होता, तू येच्या आंधीच. मंग खाली जाताना मीनं तुले इचारलं, पाय हाय का बे. तू म्हनला, हाय. मनात म्हनलं, पाह्य, अमरावतीवाला माह्यासाठी खोटं बोलून राहिला. आन लेका, तू तं सोताचंच खोटं खरं मानून बसला!"

"आन दोन मिनटं?"

"लागले की दोन मिनटं. मी जिता होतो म्हनून लागले," धम्मदीप म्हणाला. "डॉक्टर मॅडमनं मले सोता सांगतलं. रक्तानं कापड चिंब झालतं, नाल्यातून तासभर हेंदकाळत आनलं, दुसरी कोनती गाठ असती तं वाटंतच सरकली असती. म्हनल्या, ज्यानं बांधली त्याले सांगजो. थेच सांगाले फोन करून राहिलो ना मी!"

माय गडू ओट्यावर ठेवून आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून, दवाखान्यातल्या सामानासोबत घरी आलेलं एक कापड घेऊन आली. धुतलेलं, घडी घातलेलं. एका बाजूनं कात्रीनं कापलेलं, आणि मधोमध गाठ, कडक, जशीच्या तशी. झेंडूचे जुने डाग अजून त्यात होते. दुसरे डाग मायनं धुऊन धुऊन काढले होते, तरी थोडे राहिलेच होते. "म्या दातानं पाह्यली सोडून," माय म्हणाली. "दाभनानं पाह्यली. यायनं पकडीनं पाह्यली. नाई सुटत, बाप्पा! कोन्या मुहूर्तावर मारली तू?" विपुलनं ते हातात घेतलं. अंगठ्यानं गाठ चाचपली. तीन वेढे, नीट बसलेले, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. त्या माऱ्यात, त्या अंधुक उजेडात हात थरथरले असतील असं त्याला वाटत आलं होतं. गाठ तसं सांगत नव्हती. इतकी चांगली गाठ तर बापालाही एखादवेळीच जमते, असं त्याच्या मनात आलं, आणि तो रडायला लागला. धड हुंदकेही नाहीत, नुसतं नाक-डोळे वाहायला लागले, आणि छातीत वर्षभर मुठीत धरल्यासारखं जे काही होतं ते सुटत गेलं. त्याला लाज वाटेना. उलट इतकं हलकं वाटायला लागलं की रडता रडताच त्यानं ओट्यावरचा गडू उचलला आणि अर्धं पाणी पिऊन टाकलं. पुंजाजींनी पंखा परत लावला.

"झालं?" धम्मदीपनं विचारलं. "आता कामाचं बोलू. तुले काम हाय म्हनून धाडलं होतं का नाई? चौकातल्या पुतळ्याले चौदा तारखेले मोठा हार चढते. माह्याकडं जिम्मा हाय या साली. दरसाल दुपारच्या गरम हवेत अर्धा हार सुटून खाली येते, आन पोट्टे शिडी घेऊन धावतात. मले थे गाठ शिकव."

विपुलनं डोळे पुसले आणि त्याच्याकडं पाहिलं. "हे काम होतं?"

"मंग काय, तुही पूजा करू का?"

पुंजाजींनी माळांसाठी आणलेली सुतळी दिली. विपुलनं ती गडूत बुडवून ओली केली, धम्मदीपचा उजवा हात मांडीवर घेतला, आणि अंगठ्याभोवती एक वेढा टाकला, दुसरा, तिसरा. बोटांना ओल लागली, ती पाण्याची होती. धम्मदीपचा अंगठा मात्र ताठ, फौजी, वेढ्यांत गच्च अडकलेला. ओढतो म्हटलं तर निघेना, लाल झाला, आणि तो अकोल्याच्या ठेवणीतल्या शिव्या द्यायला लागला. माय हसत होती. तेवढ्यात फोन वाजला. देवीदासचा. विपुलनं पहिल्याच घंटीला उचलला.

"चहा प्याले चीनले गेला का?" देवीदास म्हणाला. मागं अंबादेवीचा रस्ता ऐकू येत होता. "खुशालराव दोनदा इचारून गेला. हार ओल्या फडक्यात ठेवला हाय. सहाले येतं ना?"

"येतो. दोघं येतो, बाबा. मी अकोल्याले हाय, धम्मदीपकडं." आणि मग एका दमात त्यानं सांगून टाकलं, "तुमचा दुपट्टा इथं हाय. फाटला. पाय बांधाले फाडला होता मीनं. नत्थुजीची गाठ मारली होती, थे अजून हाय तशीच. सुटली नाई. आता त्याले शिकवून राहिलो, तं त्याचा अंगठाच गुतला."

पलीकडं कुणीतरी गिऱ्हाईक दुकानाशी नारळ मागत होतं. देवीदासनं नाक ओढल्याचा आवाज आला. मग तो घसा खाकरून म्हणाला, "अंगठा ढिला ठेवाले सांग त्याले."